तलकाडची वाळू प्लॅस्टरला चालेल

काकांना जैसलमेर बघायचं होतं. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एकदा तरी पाणी नसलेली जागा बघावीशी वाटते, हे त्यांचं म्हणणं मला पटायचं. पण पहिल्यांदा एलटीसी मंजूर झाली तेव्हा कालवा फुटला, दुसऱ्यांदा काकूंचा गुडघा गेला आणि तिसऱ्यांदा टूरवाल्याकडे माणसंच भरली नाहीत. मानेवर पडदा असलेली खाकी टोपी तेवढी घेऊन झाली होती, ती कपाटात वाट बघत राहिली. काकांनी आजवर पाहिलेलं वाळवंट म्हणजे मुलाच्या मागची खिडकी. मुलगा ॲरिझोनात, फिनिक्सला असतो. व्हिडिओ कॉलवर तो जरा बाजूला सरकला की मागे थोडं वाळवंट दिसतं.

मार्च २०२४ मध्ये दोघं सांगलीहून माझ्याकडे बेंगळूरुला आली, ती टोपी बॅगेत घेऊनच. त्या महिन्यात शहरात पाण्याचा ठणठणाट होता. पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला ५,००० रुपये दंड लागला होता, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टँकरची वेळ लोक दहावीच्या निकालासारखी बघत होते. काका अर्ध्या बादलीत आंघोळ उरकून बाहेर आले आणि पंच्याने कान पुसत म्हणाले, "तुमच्याकडे वाळवंटाची सोय चांगली आहे."

ते मला लागलं. मी शोधाशोध केली. बेंगळूरुपासून साधारण १३० किलोमीटरवर कावेरीच्या काठी तलकाड नावाचं गाव आहे, तिथे देवळंच्या देवळं वाळूत गाडली गेली आहेत. एक दिवसाची सहल, गाईड आणि नाश्ता धरून. पत्रकावर उंटाचं चित्र होतं. उंट लहान होता, कोपऱ्यात होता, पण होता.

बस पहाटे सव्वासहाला बनशंकरीहून सुटणार होती. आम्ही पाच वाजता निघालो आणि सिल्क बोर्डाच्या चौकात काकांनी विचारलं, "हे सगळे पण तलकाडलाच चाललेत का?"

बसमध्ये आम्ही बावीस जण आणि गाईड. गाईड पस्तिशीचा, गळ्यात शिट्टी, हातात लॅमिनेशन केलेल्या कार्डांचा जुडगा. हिंदी, इंग्रजी आणि कन्नड यांचा त्याने असा काला केला होता की तिन्ही भाषा न येणाऱ्यालासुद्धा सगळं समजावं. "सार्, मॅडम, गुड मॉर्निंग, इधर देखो, ये बेंगळूरु. केंपेगौडा बनाया." एवढ्यात काकांनी हात वर केला. "और शहाजीराजे?" १६३८ नंतर बेंगळूरु शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, हे ते सांगलीपासून तोंडात धरून आले होते. गाईड हसला. अशी माणसं त्याला दर रविवारी भेटत असावीत. "येस सार्, शाजी. बाद में मोगल. मोगल ने मैसूर राजा को बेच दिया, थ्री लॅक रुपीज."

तीन लाख. बस क्षणभर गप्प झाली. माझ्या पुढच्या सीटवरची मुलगी मैत्रिणीला म्हणाली की आमच्या घरमालकाने डिपॉझिटच तेवढं घेतलंय.

कनकपुरा रस्त्याला लागल्यावर गाईड डावीकडचे डोंगर दाखवत होता आणि काका उजवीकडे काहीतरी शोधत होते. हारोहळ्ळीच्या सुमाराला त्यांना ते सापडलं: पाण्याची लाईन. बेंगळूरु पितं ती कावेरी याच बाजूने वर चढते. मळवळ्ळी तालुक्यातल्या तोरेकाडनहळ्ळीला पाणी उचलायचं, हारोहळ्ळीला पुन्हा उचलायचं, तातगुणीला तिसऱ्यांदा. सुमारे शंभर किलोमीटर लांब आणि जवळजवळ पाचशे मीटर उंच. १९७४ पासून हे चाललंय. त्या दिवशी पाचव्या टप्प्याचं काम सुरू होतं, रोज आणखी ७७५ दशलक्ष लिटर पाणी उचलायचं. (तो टप्पा ऑक्टोबरात सुरू झाला. काकांनी सांगलीहून फोन करून मलाच बातमी दिली.) "पाचशे मीटर हेड!" काका खिडकीला नाक लावून म्हणाले. "वीजबिल काय येत असेल रे?" अख्ख्या सहलीत त्यांनी मनापासून घेतलेला पहिला फोटो त्या पंपहाउसचा होता. जिथे पाणी नाही ते बघायला निघालेला माणूस.

नाश्त्याला तट्टे इडली. तट्टे म्हणजे ताट, इडलीचा घेर त्या मापाचा. काकूंनी एक खाऊन हिशेब मांडला की घरच्या चार इडल्यांएवढी ही एक, मग दुसरी कोण खाणार, आणि दुसरी खाल्ली.

सोमनाथपूरला आम्ही पाऊण तास होतो. होयसळांच्या सोमनाथ नावाच्या सेनापतीने १२५८ मध्ये उभं केलेलं केशवाचं देऊळ. चांदणीच्या आकाराचा चौथरा, तीन गाभारे, आणि दगडात इतकं बारीक काम की विणकाम वाटावं. २०२३ मध्ये बेलूर-हळेबीडसोबत हे युनेस्कोच्या यादीत गेलं, त्यामुळे गाईडचा आवाज इथे अर्ध्या पट्टीने चढतो. मला आवडली ती मल्लितम्म नावाच्या शिल्पकाराची गोष्ट: त्याने बऱ्याच मूर्तींखाली आपलं नाव कोरून ठेवलंय. काका वाकून ते अक्षर बघत म्हणाले, "बरोबर आहे. मोजमापाच्या वहीत नोंद नको? नाहीतर बिल कसं निघणार?"

तलकाडला पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. काकांनी टोपी चढवली, मानेवरचा पडदा नीट केला, बसच्या पायरीवर उभं राहून त्यांनी समोर बघितलं. समोर निलगिरीची झाडं होती, सुरूची होती, शहाळीवाला होता, झाडाखाली झोपलेलं कुत्रं होतं. सगळं हिरवं. "वाळवंट कुठाय?"

"सार्, फॉरेस्ट के अंदर है."

"और ऊंट?"

"कॅमल मैसूर पॅलेस में है सार्. इधर नहीं." पत्रकावरच्या उंटाकडे बोट दाखवल्यावर गाईडने तो पहिल्यांदाच बघितल्यासारखा निरखून बघितला. "ये प्रिंटिंग वाला डाल दिया. स्वल्प अडजस्ट माडी."

वैद्येश्वराचं देऊळ बघून चपला-बूट सोडले आणि त्या जंगलात शिरलो तेव्हा मात्र पाय घोट्यापर्यंत आत गेले. खरीखुरी वाळू. झाडांच्या मुळांशी वाळू, झाडांच्या मागे वाळूच्या टेकड्या, आणि मधून पर्यटकांसाठी पत्र्याचं छप्पर घातलेली वाट, ती इकडून तिकडे जाते. वाटेत मध्येच खड्डा, खड्ड्याला पायऱ्या, आणि तळाशी देऊळ. पाताळेश्वराला खाली उतरावं लागतं, मरळेश्वराला खाली उतरावं लागतं. शिखर बघायला मान वर करायची आमची सवय, इथे कळस पायांच्या पातळीवर. पत्र्याच्या सावलीत वाळू सोसवत होती. सावली संपली की तव्यावर पाय ठेवल्यासारखं. मग बावीस माणसं एका ओळीत, पाय उचलत, पोहे भाजताना टुणटुणतात तशी.

एका टेकाडापाशी गाईडने शिट्टी वाजवली, सगळ्यांना गोल उभं केलं आणि पहिलं कार्ड काढलं. ही त्याची जागा होती. इथे तो भाषांची भेसळ करायचा थांबला आणि हळू बोलायला लागला.

गंगांची ही राजधानी. मग चोळ आले, गावाला राजराजपूर म्हणायला लागले. मग होयसळ विष्णुवर्धनाने १११६च्या सुमाराला ते जिंकलं, स्वतःला तलकाडुगोंड म्हणजे तलकाड घेणारा म्हणवून घेतलं, आणि विजयाची खूण म्हणून कीर्तिनारायणाचं देऊळ बांधलं. मग विजयनगर. आणि मग १६१०. म्हैसूरच्या राजा वडियारांनी विजयनगरच्या सुभेदाराकडून श्रीरंगपट्टण घेतलं. सुभेदाराची बायको अलमेलम्मा दागिने घेऊन इकडे आली. ते दागिने श्रीरंगपट्टणच्या देवीला घालायचे असत, म्हणून राजाने ते आणायला सैनिक पाठवले. अलमेलम्माने दागिने गुंडाळले आणि समोरच्या मालंगीच्या डोहात उडी घेतली. जाताना तीन शाप दिले: तलकाडची वाळू होईल, मालंगीचा भोवरा होईल, म्हैसूरच्या राजाला मूल होणार नाही.

गाईड थांबला. वारा आला, झाडं सळसळली. त्याने ते कसं जमवलं कोण जाणे.

"वर बंधारा कुठाय?" काकांनी विचारलं.

"सार्?"

"नदीला. अपस्ट्रीम को. बंधारा, डॅम."

गाईड कचरला. "है सार्. माधवमंत्री डॅम. थोडा ऊपर."

"कधीचा?"

"विजयनगर टाइम. फोर्टीन्थ सेंचुरी."

काका आमच्याकडे वळले. छत्तीस वर्षं ज्या चेहऱ्याने त्यांनी कंत्राटदार पकडले असतील तो चेहरा. "झालं. बंधाऱ्याने पाणी अडवलं, प्रवाह सरकला, वळणातला तळ उघडा पडला. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला की ती वाळू सरळ गावावर. बाई तीनशे वर्षांनी आली बिचारी. तिच्या नावावर खपवलं." पुढे त्यांनी विचारलं की या कामाला मंजुरी कोणी दिली होती, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाले, "आता काय, कार्यकारी अभियंता रिटायर झाला असेल."

काका चुकत नव्हते. अभ्यासकांचं म्हणणं साधारण हेच आहे. आणि इंग्रजी अमदानीतल्या नोंदी सांगतात की या टेकड्या वर्षाला नऊ-दहा फूट गावाकडे सरकत होत्या, लोक घरं सोडून मागे मागे जात होते, तीसहून जास्त देवळं खाली गेली होती. झाडं लावली ती ही वाळू धरून ठेवायला. मी हे काकांना सांगितलं. नऊ-दहा फूट ऐकून ते जरा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "माझ्याकडे एक कालवा होता, तो वर्षाला एवढासुद्धा पुढे सरकला नाही."

गाईड मात्र हलला नव्हता. "ओके सार्. सँड, डॅम ने किया. फिर राजा का बच्चा कौन रोका? वो भी डॅम?" बावीस जण हसले. त्याने दुसरं कार्ड काढलं. चारशे वर्षं म्हैसूरच्या गादीवर वरचेवर दत्तक आणि पुतणे येत राहिले, २०१५ मध्येही दत्तकच घ्यावा लागला. आणि त्या दत्तकाला डिसेंबर २०१७ मध्ये मुलगा झाला. "आधा शाप खतम," गाईड म्हणाला, आणि त्याच्या आवाजात धंद्याची काळजी होती. मग विषय बदलावा म्हणून त्याने काकूंना विचारलं, "आपको कितना बच्चा, मॅडम?"

"एक लडका है," काकू म्हणाल्या. "अमेरिका में."

"सेम थिंग, मॅडम," गाईड म्हणाला.

यावर कोणी हसलं नाही. गाईडलाही उशिरा कळलं. त्याने शिट्टी वाजवली आणि आम्ही कीर्तिनारायणाकडे निघालो.

तिथे जाताना काका मागे राहिले. वळून बघतो तर ते छपराबाहेर, उकिडवे बसून, मूठभर वाळू तळव्यावर चोळत होते. "बारीक आहे," ते म्हणाले. "प्लॅस्टरला चालेल. स्लॅबला नाही." मग उभे राहून त्यांनी सगळ्या टेकड्यांवरून नजर फिरवली, ओठ हलत होते. ब्रास मोजत होते. "अरे, आमच्याकडे अशी वाळू उघड्यावर राहिली असती का? एका अमावास्येला ट्रॅक्टर लावून अख्खं तलकाड नेलं असतं. देवळं आपोआप उघडी पडली असती, पुरातत्त्व खात्याला खर्च नाही." इथे दर काही वर्षांनी कार्तिकातल्या सोमवारांचा योग जुळला की पंचलिंगदर्शन होतं, २०२० मध्ये झालं, त्याआधी २०१३ मध्ये, तेव्हा वाळू हटवून वाटा मोकळ्या करतात. हे ऐकून त्यांनी फक्त उपशाचा दर विचारला. गाईडकडे त्याचं कार्ड नव्हतं.

आणि मग त्यांनी बाटली मागितली. सकाळी माझ्या घरून भरून आणलेली, प्लॅस्टिकची, पारदर्शक, अर्धी उरलेली. काकूंनी तहान लागली असेल म्हणून दिली. काकांनी त्यात दोन बोटं वाळू घातली.

"अहो!"

"गाळ बघायचाय." काकडीबरोबर आणलेल्या पुडीतलं चिमूटभर मीठ आत गेलं, झाकण लागलं, बाटली जोरजोरात हलवली गेली आणि माझ्या हातात आली. "तीन तास सरळ धर. हलवायची नाही. वाळू खाली बसते, तिच्यावर गाळाचा थर येतो. आठ टक्क्यांच्या वर गेला की ट्रक परत." मी विचारलं, ट्रक कुठला? काकांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी बाटली दोन्ही हातांनी धरली.

नदीवर काकूंनी सहलीचा ताबा घेतला. मार्चातली कावेरी पायाच्या नळीएवढी, पात्रात दूरवर पांढरी वाळू, पोरं डुंबत होती, काठावर मासे तळत होते, टोपलीसारख्या गोल होड्या फिरत होत्या. त्यांना इथे हरिगोलु म्हणतात. काकू काठावरच्या वाळूत बसल्या, पाय पाण्यात सोडले आणि म्हणाल्या, "उगीच जैसलमेर जैसलमेर करत होते. वाळवंट म्हणजे हेच की. पंढरपूरला आपण चंद्रभागेच्या वाळवंटात बसतो तेव्हा तिथे उंट असतात का?"

काकांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत हा मुद्दा कोणी काढला नव्हता. आपल्या भाषेत वाळवंटाला नदी लागते, नदीशिवाय असतं ते दुसऱ्यांचं. काकूंनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. आंघोळीच्या श्लोकात कावेरी शेवटी येते, रोज नाव घेतो, आज भेट झाली म्हणाल्या. मग त्या हरिगोलुत बसल्या. नावाड्याने टोपली गरगर फिरवली. मालंगीचा भोवरा असाच असेल का, हे विचारायला त्या मला हाक मारत होत्या, पण मला हात हलवता येत नव्हता.

शिवनसमुद्र थोडक्यात सांगतो, कारण तिथे थोडकंच होतं. गगनचुक्की आणि भारचुक्की हे कावेरीचे दोन धबधबे. १९०२ मध्ये इथे वीजघर झालं, ती वीज आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली, आणि १९०५ मध्ये बेंगळूरुत रस्त्यावर विजेचे दिवे लागले. आम्ही कठड्याला टेकून बघितलं ते काळे, उंच, गरम दगड, आणि मधून पाण्याची एक रेघ, घाईत फोडणी द्यावी तशी. गाईडने शांतपणे कार्ड काढलं. कार्डावर पांढरंशुभ्र पाणी कोसळत होतं. "सार्, ऑगस्ट में ऐसा." त्याने ते कार्ड दगडांच्या समोर धरलं आणि लोकांनी त्या कार्डाचा फोटो काढला. मीही काढला असता, पण माझ्या हातात बाटली होती. एका लहान मुलाने आईला विचारलं की हे अंकल सरबत का पीत नाहीत.

परतीच्या वाटेवर गाईड माझ्या शेजारी येऊन बसला. काका झोपले होते, पडदा तोंडावर आला होता. "आपका अंकल इंजिनीअर है?" हो म्हटल्यावर त्याने मान हलवली. "बोला वो करेक्ट है. लेकिन सार्, डॅम देखने को कोई टिकट नहीं लेता." मग बाटलीकडे बघून म्हणाला, "सँड नहीं ले जाने का, सार्."

काका पडद्याआडून म्हणाले, "सॅम्पल है."

घरी पोचायला दहा वाजले. काकूंच्या केसांत वाळू, साडीच्या निऱ्यांत वाळू. काकांनी बूट वर्तमानपत्रावर उलटे केले तेव्हा जो ढीग निघाला त्याकडे ते जरा आदरानेच बघत होते. मी न्हाणीघरात नळ सोडला. नळ खोकला, हवा सोडली आणि गप्प झाला. ग्रुप उघडला. टँकर सकाळी सहाला. पिण्याच्या कॅनच्या तळाशी पेलाभर होतं, ते काकांच्या गोळ्यांना लागणार होतं.

काकू न्हाणीघरात स्टुलावर बसल्या, परकर गुडघ्यापर्यंत धरून. "ती बाटली आण."

"थांब थांब," काका पट्टी शोधत आले. बाटली टेबलावर ठेवली, चष्मा वर केला. खाली वाळू, तिच्यावर चॉकलेटी रंगाची बारीकशी रेघ, आणि रेघेवर बोटभर, काचेसारखं नितळ पाणी. "चाळीस मिलीमीटर वाळू. दोन मिलीमीटर गाळ. पाच टक्के." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "पास."

मग बाटली त्यांनी स्वतःच नेऊन दिली. काकूंनी ती अलगद तिरकी केली, गाळ हलू न देता. डावा पाय धुऊन झाला. उजव्याला पाणी पुरलं नाही.